एका बागेत ४५ घड आणि ३० घड : दिंडोरीतल्या थॉमसनच्या विरळणीचं प्रकरण

नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातली ही दोन एकर थॉमसन, म्हणजे बिनबियांच्या द्राक्षाची बाग. डॉग्रिज खुंटावर कलम केलेली, ९ बाय ५ फुटांवर लावलेली, वाय आकाराच्या मांडवावर चढवलेली. एकरी ९६८ वेली. मध्यम काळी जमीन, विहिरीचं पाणी, ठिबक. मधून बैलगाडीची जुनी वाट जाते, तिच्या पश्चिमेला एक एकर आणि पूर्वेला एक. ऑक्टोबर २०२४ मध्ये या वाटेच्या दोन बाजूंना विरळणीचे, म्हणजे वेलीवर घड किती ठेवायचे आणि किती काढायचे याचे, दोन वेगळे निर्णय झाले. खत तेच, फवारण्या त्याच, छाटणीचा दिवसही तोच. नाना आणि त्यांचा मुलगा या बापलेकांचं एकमत झालं नाही म्हणून हा फरक पडला. पुढे मजुरांची टोळी वेळेवर मिळाली नाही, म्हणून त्यात आणखी एक फरक मिसळला.

मी या भागात द्राक्षाच्या सल्ल्याचं काम करतो. घरातल्या सूनबाई, ज्यांना सगळे वहिनी म्हणतात, त्यांनी छाटणीपासून खुड्यापर्यंत नोंदवही ठेवली होती आणि ती त्यांनी मोकळेपणानं वापरू दिली. असं प्रकरण क्वचित हाती लागतं. शेतकरी अख्ख्या बागेत एकच काहीतरी करतो, आणि मग माल बिघडला तर कशानं बिघडला हे शोधायला तुलनेची जागाच उरत नाही.

द्राक्षात विरळणी एकदाच होत नाही. गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठी घेतलेल्या ऑक्टोबरच्या छाटणीनंतर, पंधराएक दिवसांनी फुटींवर घड दिसायला लागतात, तेव्हा वांझ आणि जादा फुटी काढतात. ती फेलफूट. त्याच वेळी, किंवा थोडं पुढे, वेलीवर घड किती ठेवायचे ते ठरतं. ही घडांची विरळणी. घड पोपटी झाला की जीए (जिबरेलिक अ‍ॅसिड) या संजीवकाचे हलके हात देऊन त्याचा दांडा लांबवतात, म्हणजे पाकळ्या, घडाच्या बारीक फांद्या, एकमेकींपासून दूर होतात. फुलोऱ्यातही जीएची फवारणी घेऊन काही फुलं गाळणारे आहेत. त्यात मात्रा चुकली की बारीक गोळ्यांसारखे मणी राहतात, त्यामुळे अनेकजण तिथे हात आखडता घेतात. मणी सेट झाल्यावर, म्हणजे फुलं जाऊन मणी धरल्यावर, साधारण ज्वारीच्या दाण्याएवढा ते हरभऱ्याएवढा असताना, कात्री घेऊन पाकळ्या आणि मणी काढतात. गावात नुसतं ‘थिनिंग’ म्हटलं की हेच काम डोळ्यांपुढे येतं, कारण पैसा आणि माणसं इथेच लागतात. घडांची विरळणी मात्र कुणाच्या हिशोबात येत नाही. ती अंगठ्यानं होते आणि तिला दोन दिवस पुरतात. या प्रकरणात सगळं त्या दोन दिवसांवर येऊन ठेपलं.

नानांची बाजू

छाटणी ८ ऑक्टोबरला झाली. फूट छान निघाली. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (नवी काडी तयार करण्यासाठी घेतात ती) ऊन चांगलं मिळालं होतं, काडी पक्की तयार झाली होती, त्यामुळे बहुतेक फुटींवर एक आणि पुष्कळ फुटींवर दोन घड होते. वेलीवर बत्तीस-तेहतीस फुटी राखल्या होत्या. सगळे घड ठेवले असते तर वेलीला पंचेचाळीस सहज बसत होते. म्हणजे वर्गफुटाला एक घड.

मुलाचं म्हणणं, एका फुटीवर एकच घड ठेवायचा, अशक्त फुटीवर तोही नको, म्हणजे वेलीला तीस. नानांना ते पटेना. त्यांचं म्हणणं मी त्यांच्याच शब्दांत देतो, कारण ते बिनबुडाचं नव्हतं.

“सर, घड मोजून ठेवायचे ते आभाळाचा भरवसा असेल तर. मागच्या साली २६ नोव्हेंबरला काय झालं ते तुम्ही पाहिलंय. तेव्हाही आम्ही मोजूनच ठेवले होते. आता जास्तीचे राहू द्या. निम्मे गेले तरी निम्मे हाती लागतील.”

२६ नोव्हेंबर २०२३ ची ती गारपीट निफाड-दिंडोरीकडचा बागायतदार विसरणार नाही. ऐन सेटिंगच्या सुमाराला गारा पडल्या आणि उभ्या बागा काही वेळात झोडपून निघाल्या. त्या वर्षी ज्याची बाग गेली त्याला पुढच्याच वर्षी हातानं चांगला घड खुडून टाक म्हणणं सोपं नाही. नाना बाजरीची विरळणी करताना दोन रोपांतलं एक डोळे झाकून उपटतात. बाजरीचं रोप त्यांना बियाण्याचं वाटतं आणि घड हा माल वाटतो. घड दिसला की मनात पेटी दिसते.

पण विमा म्हणून जास्त घड ठेवण्यात एक अडचण आहे. गार पडली तर ती जादाचे घड वेचून नेत नाही. ती पानं फाडते, काड्या सोलते, घडांना जखमा करते. मग राहिलेल्या निम्म्या घडांना पोसायला निम्मीच पानं असतात. आणि गार पडली नाही तर सगळेच्या सगळे घड पानांच्या उरावर बसतात. ज्याला धोक्याची भीती आहे त्याने वीस टक्के घड जादा ठेवावेत, म्हणजे तीसऐवजी छत्तीस, आणि सेटिंग झाल्याबरोबर, कात्री लावायच्या आधी, ते सहा उतरवावेत. मी हेच सुचवलं. नानांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “सेटिंग झाल्यावर कोण उतरवतो, सर? तेव्हा तर आणखी जीव गुंततो.”

शेवटी वाट मध्ये ठेवून वाटणी झाली. पश्चिमेचा एकर मुलाच्या मतानं, वेलीला ३०. पूर्वेचा नानांच्या, वेलीला ४५. फुटी दोन्हीकडे सारख्याच, पानंही सारखीच. पूर्वेला एका फुटीच्या सोळाएक पानांवर बऱ्याच ठिकाणी दोन घड आले.

कात्रीचं काम

मणी सेट झाले, घड संजीवकाच्या द्रावणात बुडवायची पहिली बुडवणी झाली, आणि विरळणीची वेळ डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आली. टोळी सुरगाण्याकडची, पंधरा-सोळा जणी आणि त्यांच्यात वयानं मोठ्या एक मावशी. पेठ-सुरगाण्याची माणसं भाताची कापणी उरकून द्राक्षाच्या कामाला खाली उतरतात आणि थिनिंगच्या दिवसांत दिंडोरी-निफाडच्या बागा त्यांच्याच हातांवर उभ्या असतात. निर्यातीच्या पेटीवरच्या देखण्या घडाचं श्रेय औषधांच्या जाहिरातींनाच मिळतं, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

मावशी काम कशा करतात ते नीट पाहण्यासारखं आहे. डाव्या हाताच्या दोन बोटांनी घडाचा शेंडा धरून तो जरा खाली ओढायचा, म्हणजे पाकळ्या उघडतात. वर खांद्याशी एखादी पाकळी मुख्य घडाएवढीच मोठी वाढलेली असते, ती आधी जाते. मग वरच्या चार-पाच पाकळ्या राखून खाली एकाआड एक काढत जायचं. घड मनगटासरशी फिरवायचा, म्हणजे मागची बाजू पुढे येते. आतल्या अंगाला, दांड्याकडे तोंड करून वाढणारे मणी टोकानं टिपायचे. शेवटी शेंडा छाटायचा. शेजारी नवीन आलेली मुलगी पाकळी अर्ध्यात कापत होती, तिला मावशी सांगत होत्या, “बुडातून काप गं, खुंटी ठेवू नको. ती खुंटी उद्या शेजारच्या मण्यात घुसती.” एका घडाला मिनिटभरही लागत नव्हतं. त्यांनी सोडलेल्या घडांवरचे मणी आम्ही मोजले, ते शंभराच्या आसपासच भरत होते. त्या कधीच मोजत नाहीत.

शंभर कशाला, याचं गणित नानांना मी पाटीवर करून दाखवलं होतं. ते इथेही देतो, कारण विरळणीला विरोध करणाऱ्या प्रत्येकाच्या मनात ‘मणी काढले म्हणजे वजन गेलं’ हेच असतं. गोल मणी धरला तर त्याचं वजन जाडीच्या घनानं वाढतं. १६ मिलिमीटरचा मणी साधारण सव्वादोन ग्रॅमला थोडा कमी भरतो, १८ मिलिमीटरचा तीन ग्रॅमला थोडा जास्त. म्हणून १६ मिलिमीटरच्या १४० मण्यांचं जे वजन, जवळपास तेच १८ मिलिमीटरच्या १०० मण्यांचं. तीनशे ग्रॅमच्या आसपास दोन्ही. चाळीस मणी खाली पडले आणि काट्यावर फरक नाही. फरक पडतो तो खरेदीदाराच्या मापपट्टीवर, जिच्या भोकातून मणी आरपार गेला की माल निर्यातीचा राहत नाही. युरोपला जाणाऱ्या थॉमसनसाठी व्यापारी अठराच्या वरचा मणी मागतात, आणि सोळा व अठरा यांच्या भावात जो खड्डा आहे तो बागायतदाराला सांगायला नको.

पण हे गणित खरं ठरायला दोन गोष्टी लागतात. राहिलेल्या शंभर मण्यांना दोन मिलिमीटर जादा फुगता आलं पाहिजे, म्हणजे त्यांना पोसणारी पानं हवीत. आणि मोकळी जागा त्यांना वेळेत मिळायला हवी.

मण्याच्या आत पेशी किती असाव्यात हे फुलोऱ्यानंतरच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत ठरून जातं. त्यानंतर पेशींची संख्या वाढत नाही, आहेत त्या पेशी फुगतात. पाणी उतरल्यावर मणी मऊ होऊन जो झपाट्यानं मोठा होतो, तो आधीच तयार झालेल्या पेशी ताणल्या जातात म्हणून. सहा मिलिमीटरला केलेली विरळणी ही पेशी वाढत असतानाची विरळणी आहे. अकरा मिलिमीटरला केलेल्या विरळणीनं घड सुटा दिसतो, हवा खेळते, फवारणी आत पोचते, हे सगळे फायदे मिळतात. फुगवणीचा मोठा फायदा मात्र तोवर निघून गेलेला असतो.

पश्चिमेचा एकर टोळीनं ३ ते ७ डिसेंबरला उरकला. शेवटच्या तीन ओळी राहिल्या आणि टोळी उठली, कारण त्या पंधरवड्यात भागातल्या बहुतेक बागा एकाच वेळी त्याच अवस्थेत आल्या होत्या आणि टोळीनं पुढच्या बागेला शब्द दिला होता. पूर्वेचा एकर तसाच उभा. इथे एक आकडा बघा. ९६८ वेलींवर ३० घड म्हणजे २९,०४०. ४५ घड म्हणजे ४३,५६०. पूर्वेच्या एकराला साडेचौदा हजार घड जास्त हाताळायचे होते. ऑक्टोबरच्या अखेरीस अंगठ्यानं जो घड क्षणात गेला असता त्याला डिसेंबरात मिनिटभर कात्री आणि एका बाईची मजुरी लागत होती. घड कमी ठेवले असते तर पूर्वेचं काम एक तृतीयांशानं हलकं झालं असतं.

टोळी परत आली १७ डिसेंबरला. तोवर मणी दहा-अकरा मिलिमीटरचे झाले होते, पाकळ्या एकमेकींत अडकल्या होत्या. कात्रीचं टोक आत घालायला जागा नाही, घातलं तर बाजूच्या मण्याला टोचतं. टोचलेला मणी दोन दिवसांत काळा डाग धरतो, आणि दव पडलं की तिथूनच कूज सुरू होते. मावशींचा वेगही निम्म्यावर आला. पश्चिमेच्या राहिलेल्या तीन ओळीही त्याच वेळी झाल्या.

दरम्यान वहिनींनी एक काम केलं होतं. टोळी उठली त्याच आठवड्यात शेजारच्या दोघींना घेऊन त्यांनी पूर्वेच्या, घराला लागून असलेल्या दोन ओळी स्वतः विरळून काढल्या. घड मात्र ४५ च ठेवले, नानांचा शब्द मोडला नाही. त्यामुळे बागेत चार प्रकार तयार झाले. घड ३० आणि विरळणी वेळेवर, घड ३० आणि विरळणी उशिरा, घड ४५ आणि विरळणी वेळेवर, घड ४५ आणि विरळणी उशिरा. संशोधन केंद्रात मुद्दाम आखावी तशी मांडणी गरजेपोटी आपोआप झाली.

फेब्रुवारीतली मोजणी

१० फेब्रुवारी २०२५ ला आम्ही चारही ठिकाणचे घड घेतले, प्रत्येक घडाच्या वरचे, मधले आणि टोकाचे मणी मोजले, रस काढून ब्रिक्स, म्हणजे रसातल्या गोडीचं माप, पाहिला.

पश्चिमेचा वेळेवर विरळलेला भाग : मणी बहुतांश अठराच्या वर, गोडी सतरा ब्रिक्सच्या आसपास. पश्चिमेच्याच उशिरा विरळलेल्या तीन ओळी : गोडी तेवढीच, मणी मात्र सोळा, फार तर साडेसोळा. वहिनींच्या दोन ओळी, म्हणजे घड ४५ पण विरळणी वेळेवर : मणी सतराला टेकलेला, गोडी चौदा. उरलेला पूर्वेचा एकर : मणी पंधरा-सोळा, गोडी तेरा ते चौदा.

दोन-तीन ओळींच्या मोजणीवरून दशांशाचा वाद घालू नये. वहिनींच्या ओळी कडेच्या आहेत, त्यांना उजेड थोडा जास्त मिळतो. पण आकडे ज्या बाजूला झुकतात ती बाजू स्पष्ट आहे. विरळणी लांबली की मार मण्याच्या जाडीला बसला. घड जास्त ठेवले की मार मुख्यतः गोडीला बसला, आणि जाडीतही थोडी घट आली. कात्री वेळेवर चालवून जादा घडांचं ओझं भरून निघालं नाही. घड कमी ठेवून उशिराची कात्रीही भरून निघाली नाही. एका चुकीचा इलाज दुसऱ्या कामात नव्हता.

जानेवारीत, पाणी उतरायच्या सुमारास, आणखी एक सूचना घरात आली होती. औषध दुकानातून कुणीतरी सांगितलं की पूर्वेच्या घडांना सीपीपीयू या संजीवकाची एक जादा बुडवणी द्या, मणी जाड होईल. मुलानं ती होऊ दिली नाही, आणि ते योग्यच झालं. सीपीपीयूनं मणी जाडावतो हे खरं, पण त्याची वेळ मणी लहान असतानाची आहे. त्याच्या अतिरेकानं साल जाड होते आणि गोडी आणखी मागे पडते. ज्या बागेत आधीच गोडी कमी पडणार आहे तिथे हा इलाज म्हणजे जखमेवर मीठ. शिवाय निर्यातीची बाग अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या ग्रेपनेट यादीवर नोंदलेली असते, २००६ पासून ही व्यवस्था आहे, आणि मालाचा नमुना औषधांच्या उर्वरित अंशासाठी तपासला जातो. खुड्याच्या तोंडावर औषध वाढवणं तिथे परवडत नाही.

पश्चिमेचा माल १५ फेब्रुवारीच्या आसपास निर्यातदारानं उचलला. तीन ओळी वगळून. एकरी दहा टनांच्या थोडं वर भरला. पूर्वेचा माल गोडीची वाट बघत उभा राहिला, आणि होळीच्या आसपास स्थानिक व्यापाऱ्याला दोन खुड्यांत गेला. तो बारा टनांच्या वर भरला, म्हणजे वजन खरोखरच जास्त होतं, नानांचा हिशोब तेवढ्यापुरता चुकीचा नव्हता. पण घड उघडून पाहिले तेव्हा दाट घडांच्या पोटात एकमेकांवर दाबून फुटलेले मणी होते, काही ठिकाणी पिठ्या ढेकूण आत जाऊन बसला होता, जिथे एकही फवारणी पोचली नव्हती. साफसफाईत बराच माल खाली गेला. दोन टन जादा मालाचे पैसे भावातल्या फरकानं गिळले, वर कात्रीची मजुरी पूर्वेलाच जास्त लागली होती, आणि महिनाभर जादा पाणी, फवारणी, राखण. वहिनींनी वहीत दोन्ही एकरांच्या रकमा शेजारी लिहून नानांसमोर ठेवल्या. नाना वही बराच वेळ वाचत होते. मग म्हणाले, “म्हणजे साडेचौदा हजार घड आपण मजुरी देऊन सांभाळले, आणि त्यांनीच बाकीचे खाल्ले.”

जंगलात सागाच्या रोपवनातही विरळणी करतात. दोन मीटर बाय दोन मीटरवर लावलं की हेक्टरी २,५०० रोपं होतात आणि पहिल्या विरळणीत त्यातली साधारण निम्मी काढतात. पण तिथे कुणी विरळणी केली नाही तरी वर्षानुवर्षांत दुबळी झाडं सावलीत दबून मरतात, बळकट वर जातात. दाट जंगल स्वतःला थोडंफार विरळून घेतं. द्राक्षाची वेल असं काही करत नाही. सेटिंगच्या वेळची गळ होऊन गेली की उरलेले सगळे घड ती धरून ठेवते, सगळ्यांना थोडं थोडं देते, आणि सगळेच अर्धपोटी ठेवते. म्हणून द्राक्षात विरळणी पुढे ढकलून निसर्गावर सोपवता येत नाही.

दुसऱ्या वर्षी काय दिसलं

बहुतेकांच्या हिशोबाची वही खुड्यापाशी संपते. या प्रकरणाचा मोठा भाग त्यानंतरचा आहे.

पश्चिमेचा एकर फेब्रुवारीत रिकामा झाला, वेलींना विश्रांती मिळाली, पानांनी शेवटचं अन्न खोडात आणि मुळांत साठवलं, आणि ५ एप्रिलला खरड छाटणी झाली. पूर्वेचा एकर मार्चच्या मध्यापर्यंत माल घेऊन उभा होता. साठवलेलं जे काही होतं तेही गोडीसाठी ओढलं गेलं. विश्रांती देऊन तिथली खरड छाटणी व्हायला २२ एप्रिल उजाडला. सतरा दिवसांचा फरक.

पुढच्या हंगामाचे घड खरड छाटणीनंतर चाळीस ते साठ दिवसांच्या सुमाराला काडीच्या डोळ्यांत आकार घेतात. त्या वेळी काडीला अन्न आणि डोळ्यांना लख्ख ऊन लागतं. पश्चिमेला ही वेळ मेच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत होती, पूर्वेला जूनमध्ये. आणि २०२५ चा मे महिना महाराष्ट्राच्या आठवणीत राहील असा गेला. अवकाळीनं विक्रम मोडले, पावसाळा २६ मेला मुंबईत दाखल झाला, ऊन असायचं तेव्हा आभाळ भरलेलं. या मे-जूनचा फटका नाशिकच्या बागांना सगळीकडे बसला, पश्चिमेच्या एकरालाही बसला. तिथे ऑक्टोबर २०२५ च्या छाटणीनंतर वेलीला वीस-बावीसच घड निघाले.

पूर्वेला दहा-बारा. अनेक फुटींवर गोळी घड, म्हणजे गोळीएवढे खुरटलेले घड, आले, काही घड वाढण्याऐवजी जिरून त्यांचे तणावे, म्हणजे वेल आधाराला गुंडाळते ते तंतू, झाले. आभाळाचा दोष किती आणि आदल्या वर्षीच्या ओझ्याचा किती, हे वेगळं काढून दाखवणं कठीण आहे. पण दोन्ही एकरांवर आभाळ एकच होतं. पूर्वेच्या वेली त्या आभाळाखाली उशिरा गेल्या आणि उपाशी गेल्या, आणि ही दोन्ही कारणं मागच्या ऑक्टोबरात न काढलेल्या घडांपाशी जातात. एका हंगामात दोन टन जास्त मिळाले, आणि पुढच्या हंगामात निम्म्याहून जास्त बाग सुनी गेली.

पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ आणि द्राक्ष बागायतदार संघाची शिबिरं घड मोजायला सांगत आलेली आहेत. ज्ञान कमी पडतं असं मला वाटत नाही. अडचण अशी आहे की ज्या दिवशी घड काढायचा असतो त्या दिवशी तो काढण्याचं एकही कारण बागेत दिसत नाही. वेल तरारलेली असते, पान कोवळं असतं, ताण कुठेच नसतो. ताण शंभर दिवसांनी दिसतो, तेव्हा करण्यासारखं काही उरलेलं नसतं. म्हणून मी आता बागेत तोंडी आकडा सांगत नाही. ओळीतल्या दोन वेलींवर स्वतः घड काढून, रंगीत फीत बांधून ठेवतो. बाकीच्या वेली त्या नमुन्याप्रमाणे करा म्हणतो. समोर उदाहरण उभं असलं की हात लवकर धजावतो.

या घरानं २०२५ च्या हंगामात दोन बदल केले. छाटण्या एका दिवशी न करता पश्चिमेचा एकर आधी आणि पूर्वेचा नऊ दिवसांनी घेतला, म्हणजे कात्रीची वेळ दोन्हीकडे एकदम येणार नाही आणि एकच टोळी दोन्ही एकर ओढू शकेल. यात धोका आहे. लवकरच्या छाटणीचा फुलोरा परतीच्या पावसात सापडू शकतो, आणि तेव्हा डाऊनी या बुरशीच्या रोगापासून घडांच्या गळकुजीपर्यंत सगळं एकदम येतं. मुलगा तो धोका पत्करायला तयार होता, नाना नव्हते, शेवटी नऊ दिवसांवर तडजोड झाली. मावशींच्या टोळीला दिवाळीआधीच तारखा देऊन उचल दिली गेली.

दुसरा बदल पूर्वेच्या एकरातला. वेलीला दहा-बाराच घड आणि पानं मात्र पूर्ण, अशा ठिकाणी शंभर मण्यांचा नियम लावला तर घड मोकळा-मोकळा राहतो, वजन हातचं जातं आणि वेलीची सगळी ताकद शेंड्यांत धावते. त्यामुळे तिथे विरळणी हलकी ठेवली. खांद्याची पाकळी आणि शेंडा तेवढा काढला, मधल्या पाकळ्या जवळपास सगळ्या राखल्या, आणि घडावर एकशेतीसच्या आसपास मणी सोडले. मावशींना हे पटवावं लागलं, त्यांचा हात सवयीनं एकाआड एक पाकळीकडे जात होता. पहिल्या ओळीला वहिनी त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. दुसऱ्या ओळीपासून मावशींनी स्वतःच टोळीला सांगायला सुरुवात केली, की या बाजूला कात्री कमी चालवा, इथे वेलीला घड थोडे आहेत.